शेवटचा बाक

आठ महिन्यांनी चर्चचं दार उघडायला गेलो
तर कुलूपच बदललेलं.
जुनं गंजलं म्हणून तोडलं, तबिथाबाई म्हणाल्या.
नव्याची किल्ली त्यांच्या बटव्यात,
तंबाखूच्या पुडीशेजारी.
"तुमाले दुसरी करून देऊ का जी?"
मी नको म्हणालो.
का म्हणालो, ते तेव्हा कळलं नाही.

गेलो होतो तेव्हा माझा आवाज बसला होता.
डॉक्टर म्हणाला, घशाला काहीच झालेलं नाही.
पंचकमिटीनं ठराव केला: पाळकांना विश्रांती, पगारी.
परतवाड्याला मेव्हण्याच्या दुकानात
मोटारपंपांचं वाइंडिंग शिकलो.
तांब्याची तार मोजून गुंडाळायची,
एक फेरा चुकला की सगळी उलगडायची.
रविवारी तिथल्या चर्चमध्ये मागे बसायचो.
कुणी विचारलं तर सांगायचो, मेकॅनिक.
अकरा वर्षं मी मंडळीचे चेहरे पाहिले होते.
तिथे टाचा पाहिल्या,
चपला काढून गुडघे टेकलेल्या माणसांच्या,
काळ्या मातीच्या भेगा पडलेल्या.
कुठलीच टाच खोटं बोलत नव्हती.

उपासकाळाचा दुसरा रविवार.
हरभरा सोंगून आलेल्या बायका,
आंबेनं सोललेले हात पदराखाली.
खिशात पाच पानांचा उपदेश,
परतण्याविषयी, बऱ्यापैकी घासूनपुसून.
म्हटलं, शास्त्रपाठ होईस्तोवर
शांतवनबापूंजवळ बसावं.

शांतवनबापू,
माझ्या प्रत्येक उपदेशात झोपलेला माणूस.
एकदा तर त्यांच्यावरच बोललो होतो, नाव न घेता,
बागेत झोपी गेलेल्या शिष्यांचं निमित्त करून.
सगळ्यांना कळलं होतं.
म्हणजे, मला तसं वाटलं होतं.

एलियानं पुस्तक उघडलं.
त्याचे ओठ हलायला लागले.
भिंतीपलीकडे रशीदभाईंची गिरणी,
रविवार बाजाराचा दिवस,
ज्वारीवर ज्वारी पडत होती
आणि एलियाचे ओठ हलत होते.

"बापू, काही ऐकू येते का?"
डोळे मिटलेलेच ठेवून,
"कायचं जी. या तीन बाकांवर कधीच नाही."
"कधीच?"
"गिरणी आली तवापासून."
गिरणी माझ्याआधीची.
पाचशेच्या वर उपदेश, मी मनात मोजले,
तीन बाक, बाकावर चौघं.
"मग येता कायले?"
आता त्यांनी डोळे उघडले,
पंप बिघडला की वीजच नाही
हे पाहावं तसं मला पाहिलं.
"पाहाले येतो ना.
कोण आलं, कोण नाही आलं.
सुवार्ताची सून दोन रविवार दिसली नाही,
तं गेलतो घरी. ताप होता तिले."
थोडं थांबून,
"तुमी नव्हते, तं तिकडं बी पाहो."
आणि पुलपिटाकडे हनुवटी केली.

एलिया गप्प झाला. माना वळल्या.
बाकापासून पुलपिटापर्यंत चौदा पावलं,
मी सहा चाललो
आणि तिथंच उभा राहिलो, दोन बाकांच्या मध्ये,
कुणाची पाठ, कुणाचा चेहरा.
पानं खिशातच राहिली.
काय बोलत होतो ते आठवत नाही,
कारण तेवढ्यात वीज गेली.
पंखे मंदावले, गिरणी दम टाकत थांबली,
आणि माझा आवाज,
तोच, ज्याच्यासाठी आठ महिने तार गुंडाळली होती,
इतका मोठा झाला
की मी वाक्य अर्धं सोडलं.

मग एक बांगडी ऐकू आली.
कुणाचं तरी लेकरू दूध पीत होतं, ते.
बाहेर रशीदभाई वीजमंडळाला शिव्या देत होते, स्पष्ट.
मागच्या तीन बाकांवरची माणसं
जराशी पुढं झुकली.
मी काही बोललो नाही.
तबिथाबाईंनी गाणं सुरू केलं, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत,
मला झेपेल अशा.

घरी आलो तर दारातच ग्रेसनं अडवलं,
पाठ झटकली.
"कुठं टेकून बसला होतात?"
ज्वारीचं पीठ, बारीक,
अंगणातल्या उन्हात
जरा वेळ खाली यायलाच तयार नव्हतं.